जोडीदारालाही घेऊन या

मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात ताई समुपदेशक म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी रंग शिकवले गेले. राखाडी, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. लिंगसांसर्गिक आजारांवरच्या औषधांची ही सात किट्स. प्रयोगशाळेचा अहवाल हातात नसला तरी डॉक्टरांना लक्षणांवरून उपचार सुरू करता यावेत, म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं ती ठरवून दिली. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू येत असेल किंवा बाईच्या गर्भाशयाच्या मुखातून स्राव येत असेल तर राखाडी: अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच, शक्यतो सिस्टरसमोरच गिळायचं. जखम असेल आणि ती हर्पीसची वाटत नसेल तर पांढरं; त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, १४ दिवसांचं. जांघेत बद आली असेल तर काळं, २१ दिवसांचं.

रंग लवकर पाठ झाले. किट हातात देताना म्हणायचं एक वाक्य मात्र त्या अजूनही नव्यानं म्हणायला शिकतात. "जोडीदारालाही घेऊन या."

समोर बसलेली व्यक्ती कधी १९ वर्षांची, लग्न होऊन तीन वर्षं झालेली मुलगी असते. कधी कॉलेजचा पोरगा असतो, मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून आलेला. हे वाक्य ऐकलं की दोघंही सारखेच गप्प होतात. ताईंच्या अनुभवात खरं काम तिथून सुरू होतं. त्याआधीचं सगळं औषधनिर्मात्यालाही जमेल.

(इथे आलेल्या प्रत्येकाचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.)

गोनोरिया, ज्याला गावाकडे परमा म्हणतात, सिफिलिस म्हणजे गरमी, आणि जिचं नावच बहुतेकांनी ऐकलेलं नसतं ती क्लॅमिडिया. तिन्ही आजार जिवाणूंचे, तिन्ही पूर्ण बरे होणारे. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२० साली जगात १५ ते ४९ वयोगटात क्लॅमिडियाचे १२ कोटी ९० लाख, गोनोरियाचे ८ कोटी २० लाख आणि सिफिलिसचे ७१ लाख नवे संसर्ग झाले. कॅन्सरसारखं अवघड काही नाही, महागडी शस्त्रक्रिया नाही. एका घोटात किंवा एका सुईत बरं होणारं दुखणं एवढं पसरतं, कारण औषध एकाच्या पोटात जातं आणि आजार दोघांत असतो. मुलगी बरी होते, घरी जाते, आणि नवऱ्याकडून तोच संसर्ग परत घेते. महिना-दोन महिन्यांनी ती पुन्हा रांगेत उभी असते आणि तिला वाटतं, सरकारी गोळ्यांत दम नाही.

कोवळ्या वयात हा धोका जास्त, आणि त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. किशोरवयात गर्भाशयाच्या मुखावर आतल्या बाजूचं नाजूक, पातळ अस्तर बाहेरपर्यंत आलेलं असतं. वय वाढतं तसं ते आत सरकतं. क्लॅमिडिया आणि गोनोरियाचे जंतू नेमके त्याच अस्तराला चिकटतात. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या शरीराला तिशीतल्या बाईपेक्षा हा संसर्ग सहज धरतो. ताई हे कोऱ्या केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून समजावतात. पिशवी, तिचं तोंड, दोन्ही बाजूंच्या नळ्या. "जंतू इथून वर चढला की नळीला सूज येते, नळी चिकटते. मग पुढे दिवस राहायला अडचण येते, नाहीतर गर्भ नळीतच राहतो." ज्या समाजात मूल झालं नाही की पहिलं बोट बाईकडे जातं, तिथे हे चित्र मुलींना फार लवकर कळतं.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ पूर्ण होण्याआधी झालं होतं. त्यामुळे किशोरवयीनांचे लैंगिक आजार म्हटलं की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कॉलेजचा कट्टा येतो, पण ताईंच्या खुर्चीसमोर मंगळसूत्र घातलेली मुलगी जास्त वेळा येते. तिनं काहीही 'केलेलं' नसतं. तिचं लग्न लावून दिलेलं असतं.

ऊसतोडीच्या पट्ट्यात याला आणखी एक बाजू आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. जोडी असली तर कामही जास्त, पैसेही जास्त. मुलगी घरी एकटी ठेवून सहा महिने कारखान्यावर जायचं हीही आईबापांना धास्ती. म्हणून लग्न लवकर उरकतात. मग फडावर पाचटाच्या खोपीत राहायचं, पहाटे तीनला उठायचं, अंघोळीला आडोसा नाही, पाळीतलं कापड धुवायला पुरेसं पाणी नाही. अंगावरून पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं हे त्या आयुष्याचा भागच धरलं जातं. त्यातलं काही लैंगिक संसर्गानं होतं, काही त्याच्याशी संबंध नसलेल्या जंतूंनी किंवा बुरशीनं. पण उपचाराची वेळ टळत जाते, आणि मग तिशी गाठायच्या आतच कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट जाईल. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गाजावाजा झाला, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पांढऱ्या स्रावाची तक्रार आणि कॅन्सरची भीती ही त्यातल्या कितीतरी जणींनी सांगितलेली कारणं होती. एवढ्या पिशव्यांमागे किती वेळेवर न मिळालेली पिवळी आणि राखाडी किट्स असतील, हा विचार ताईंच्या डोक्यातून जात नाही.

अशाच एका मुलीची गोष्ट. वय १९, पदरात एक मूल. दसऱ्यानंतर जोडी कर्नाटकात गेलेली, हंगाम संपल्यावर परत आली. तिकडच्या दवाखान्यात तीनदा सलाईन लावलं, प्रत्येक वेळी नव्या गोळ्या. इथे डॉक्टरांनी तपासलं, गर्भाशयाच्या मुखाला सूज होती, ओटीपोट दाबलं की ती कळवळत होती. पिवळं किट सुरू झालं. ताईंनी नवऱ्याचं विचारलं.

"त्यांना काय बी झालेलं नाही ताई. धडधाकट आहेत."

इथे ताई घाई करत नाहीत. क्लॅमिडिया पुरुषात बऱ्याचदा काहीच दाखवत नाही. ना जळजळ, ना स्राव. बाईत तर बहुतेक वेळा दाखवत नाही. धडधाकट माणूस संसर्ग बाळगून असतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. हे सांगायचं, पण असं की मुलगी घरी जाऊन "तुमच्यामुळं झालं" म्हणणार नाही आणि मार खाणार नाही. त्यामुळे ताई तिला एकच वाक्य पाठ करून देतात: "डॉक्टर म्हणाले, दोघांनी औषध घेतल्याशिवाय माझं दुखणं जाणार नाही." कुणाचा दोष ते त्यात नाही. दुखणं तिचं, उपाय दोघांचा.

नवरा आला नाही. डॉक्टरांनी विचार करून त्याच्या वाट्याच्या गोळ्या तिच्याबरोबर पाठवल्या. अमेरिकेत ही पद्धत रीतसर वापरतात. कॅलिफोर्नियानं २००१ साली क्लॅमिडियासाठी तिला कायद्यानं वाट करून दिली आणि २००६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं डॉक्टरांपुढे तो पर्याय ठेवला. कागदावर ती उत्तमच आहे. पण इथे पुढच्या भेटीत मुलीनं सांगितलं, गोळ्या पत्र्याच्या पेटीत तशाच आहेत. मला काय झालंय म्हणून खाऊ, असं तो म्हणाला होता.

शेवटी तो आला तो गावातल्या आशा कार्यकर्तीच्या, म्हणजे आशाताईंच्या, बोलण्यावरून, आणि तेही रक्तगट तपासायला. मुकादमाच्या गाडीवर जायचं तर रक्तगट माहीत असलेला बरा, एवढंच आशाताई त्याला म्हणाल्या होत्या. तपासणीच्या खोलीत त्याला एकट्याला बसवून पुरुष डॉक्टर बोलले. बायकोला मूल आणखी हवंय ना, मग तिच्या नळ्या शाबूत राहायला हव्यात, हे त्याला लगेच पटलं. त्यानं गोळ्या तिथेच गिळल्या. सात दिवस जवळीक टाळायची, हे ऐकून मान खाली घातली, पण हो म्हणाला. ताईंच्या मते ज्या पुरुषांना आपण बेजबाबदार म्हणून सोडून देतो, त्यातल्या अनेकांशी आजवर कुणी सरळ, माणसासारखं बोललेलंच नसतं. दवाखान्यात पुरुष येतो तो अपघातात किंवा तापात. बायकोच्या ओटीपोटाबद्दल त्याला खुर्ची देऊन कुणी विचारत नाही.

कॉलेजच्या पोरांची तऱ्हा वेगळी. "उन्हाळी लागलीय," म्हणून येतात. त्याआधी धने-जिऱ्याचं पाणी झालेलं असतं, सब्जा झालेला असतो, आणि मेडिकलवाल्याकडून दोन सुट्ट्या गोळ्याही झालेल्या असतात. या सुट्ट्या गोळ्यांनी मोठं नुकसान केलंय. गोनोरियाच्या जंतूनं आधी सल्फा, मग पेनिसिलिन, मग टेट्रासायक्लिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन अशी एकेक औषधं निकामी केली. आपल्याकडे सिप्रो आता त्याच्यावर जवळजवळ चालतच नाही. तरी काउंटरवर तीच मिळते. जळजळ थोडी कमी होते, पोरगा समजतो बरं झालं, आणि जंतू आणखी निबर होऊन पुढच्या माणसाकडे जातो.

एक एफवायचा मुलगा मित्राला दाराबाहेर उभा करून आत आला होता. १९ चा. चड्डीला पू लागत होता, लघवी करताना डोळ्यांत पाणी येत होतं. रडत रडत त्यानं पहिला प्रश्न विचारला तो एड्सचा. ताईंनी त्याला पाणी दिलं, एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी आजच करू म्हणाल्या, आणि जे दिसतंय ते आजच्या गोळ्यांनी बरं होणारं आहे हे स्वच्छ सांगितलं. दोन्ही अहवाल चांगले आले. मग ते वाक्य. मुलगी त्याच्याच वर्गातली, तिचंही वय १८ पूर्ण.

"ती नाही यायची. तिच्या घरी कळलं तर संपलंच सगळं."

"तिच्या घरी कुणाला कळणार नाही. ती मैत्री क्लिनिकला येईल, हिमोग्लोबिन तपासायला. कॉलेजच्या निम्म्या मुली त्यासाठीच येतात."

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ च्या जानेवारीत सुरू झाला. त्यातल्या किशोरवयीनांसाठीच्या केंद्रांना महाराष्ट्रात 'मैत्री' हे नाव आहे. रक्त कमी आहे का, पाळी नियमित आहे का, वजन किती, मनावर ताण आहे का, सगळं तिथे विचारता येतं. दारावर गुप्तरोग लिहिलेलं नसतं हे त्या खोलीचं सगळ्यात मोठं बळ. मुलगी आली. तिला काहीच त्रास नव्हता, आणि म्हणूनच तिचं येणं जास्त महत्त्वाचं होतं. लक्षणांवर चालणाऱ्या पद्धतीत लक्षण नसलेली व्यक्ती हमखास निसटते. तिला सापडायचा एकच रस्ता होता, तो मुलगा. त्यानं तिला खरं सांगितलं, याबद्दल ताईंनी त्याला मनापासून शाबासकी दिली. असं सांगायला हिंमत लागते, आणि मोठ्या माणसांतही ती क्वचित दिसते.

दोघांपैकी एक जण १८ च्या आतला असता तर ही गोष्ट इतकी सरळ चालली नसती. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती धरली जात नाही. अशा संबंधांची माहिती कळली की ती पोलिसांना द्यावीच लागते. न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १८ च्या आतल्या पत्नीशी संबंध हाही बलात्कार ठरवला, त्यामुळे लवकर लग्न झालेल्या मुलींचे नवरेही त्यात येतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्यायालयानं अल्पवयीन मुलीच्या गर्भपातापुरती वाट मोकळी केली: मुलीची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरांनी कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. पू, जखम, ओटीपोटाची सूज घेऊन आलेल्या मुलीबद्दल तो निकाल बोलत नाही.

याचा परिणाम ताई रोज पाहतात. मुलगी वय १८ सांगते, आधार कार्ड विसरलं म्हणते. आई सोबत असेल तर तीच वय वाढवून सांगते. सासू तर 'पोरगी तब्येतीनं बारीक आहे' म्हणत मुलीला बोलूच देत नाही. मित्राचं नाव विचारलं की खोली सोडून पळणारी मुलगी त्यांनी पाहिली आहे, आणि पळालेली मुलगी म्हणजे उपचार न झालेली मुलगी.

तरी हा कायदा नको, असं ताई कधीच म्हणत नाहीत. त्याचं कारण एक लहान मुलगी आहे. पाळीही न आलेली. चड्डीला डाग लागतात म्हणून आजीनं आणली होती, जंत झाले असतील म्हणून. पाळी येण्याआधीच्या वयात गोनोरिया सापडला तर त्याचा जवळजवळ एकच अर्थ असतो. त्या दिवशी डॉक्टरांनी क्षणही न दवडता कळवलं आणि मुलगी त्या घरातून बाहेर काढली गेली. असा कायदा नसता तर आजीला दोन गोळ्या देऊन परत पाठवणारे कमी नव्हते. सतरा वर्षांच्या दोन प्रेमिकांना आणि त्या चिमुरडीला एकाच कलमात बसवणं चूक आहे, असं ताईंचं स्पष्ट मत आहे. कायद्यात तो फरक होईपर्यंत त्यांची रीत ठरलेली: उपचार आधी, कागद नंतर, आणि बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच मुलीला सांगायचं की काय माझ्यापाशी राहील आणि काय मला कळवावं लागेल. फसवून माहिती काढायची नाही. अत्याचार झालेल्या व्यक्तीला मोफत आणि तात्काळ उपचार देणं कायद्यानंही बंधनकारक आहे. पोलिसांच्या कागदासाठी सुई थांबवायची नाही, हे त्या नव्या सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगतात.

सिफिलिसची गोष्ट वेगळी, कारण तिथे तिसरा जीव असतो. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत एचआयव्हीबरोबर सिफिलिसचीही तपासणी होते. १८ पूर्ण झालेली एक पहिलटकरीण. तिला ना जखम आठवत होती, ना पुरळ. सिफिलिसची पहिली जखम दुखतच नाही, बाईच्या शरीरात आतल्या बाजूला असली तर दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. आजार मात्र आत राहतो. उपचार नाही झाला तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांत बाळावर परिणाम होतो: पोटात जाणं, कमी दिवसांचं होणं, जन्मतःच आजार घेऊन येणं. आणि उपाय काय, तर २४ लाख युनिट पेनिसिलिन, कमरेत. गरोदरपणात त्याला दुसरा भरवशाचा पर्याय नाही.

इंजेक्शन झालं. मुलीनं विचारलं, "हे कुणाकडून आलं?" सासूनं तोच प्रश्न वेगळ्या आवाजात विचारला. कुणापासून कुणाला लागलं हे रक्ताची तपासणी सांगत नाही, आणि ताई ते तितक्याच ठामपणे सासूला सांगतात. सांगताना त्या उभ्या राहतात, आवाज चढवत नाहीत, आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवतात. नवऱ्याचंही रक्त तपासलं, त्यालाही सुई दिली. बाळ वेळेवर जन्मलं, त्याचं रक्तही तपासलं गेलं, आणि ते सुखरूप होतं.

एक गोष्ट ताई आवर्जून सांगतात. पांढरं जाणं म्हणजे प्रत्येक वेळी आजार नसतो. पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारा पातळ, वास नसलेला स्राव निरोगीच असतो. जिवाणूंचं संतुलन बिघडून किंवा बुरशीनं होणारा स्रावही जोडीदाराकडून आलेला असतोच असं नाही. तपासणीआधीच लैंगिक आजाराचा शिक्का मारला तर मुलीचं घर मोडू शकतं. म्हणून आधी ऐकायचं, मग तपासायचं, मग बोलायचं.

ऐकण्याची ही शिस्त महाराष्ट्राला गडचिरोलीनं दाखवली. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. पुढे त्यांनी किशोरवयीन मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली, मुलं आणि मुली एकत्र बसवून. ताई शाळा-कॉलेजांत जातात तेव्हा तसंच करायचा आग्रह धरतात. मुख्याध्यापक म्हणतात, मुलींना वेगळं बसवा. ताई म्हणतात, आजार एकत्र होतो, तर माहिती वेगवेगळी कशाला?

आता त्यांनी कामाचं वेळापत्रकच बदललं आहे. किट्सची मागणी गणपतीच्या आधी नोंदवायची, कारण दसरा झाला की गावं रिकामी होतात आणि जोडीतला एकही हाती लागत नाही. श्रावण ते दसरा या काळात आशाताई ज्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर जातात, तिथे केसपेपर जोडीनं काढला जातो, नवरा-बायको दोघांचा, एकाच दिवशी, रक्तगट आणि हिमोग्लोबिनपासून सुरुवात करून. पुढच्या तपासणीची तारीख फडावरच्या मुक्कामात येते, म्हणून कार्डावर आजाराचं नाव न लिहिता औषधाचं नाव आणि तारीख स्पष्ट लिहिलेली असते. जवळचा कुठलाही सरकारी दवाखाना ते वाचून पुढचा डोस देऊ शकतो. कर्नाटकातल्या डॉक्टरलाही वाचता यावं, म्हणून ताईंनी या वर्षीपासून ते इंग्रजीतही लिहून द्यायला सुरुवात केली आहे.